करवणारीचा वाटा

दशलक्षण पर्व संपलं, क्षमावाणीही झाली. सगळ्यांनी सगळ्यांची क्षमा मागून झाली आणि दुसऱ्याच दिवशी मंदिरजीच्या ओट्यावर आमची वादावादी झाली. कारण होती माझ्या जाऊबाईंची नात. ती हैदराबादला असते, आठवीत आहे. शाळेत एअर रायफलचा वर्ग सुरू झाला, तिनं नाव दिलं आणि तिच्या आईनं कौतुकानं फोटो आमच्या महिला मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. अंगात जाडजूड जाकीट, खांद्याला रायफल, चेहरा अगदी गंभीर.

माईंनी फोटो पाहिला. माई आमच्यात सर्वांत मोठ्या, ऐंशी पार केलेल्या. माहेर पांढरकवड्याचं. म्हणाल्या, "जैनाच्या पोरीच्या हाती बंदूक? काऊन, दुसरा खेळ नव्हता का बाई?"

मी म्हटलं, "माई, समोर कागद असतो. जीव नसतो."

"अन् यशोधर राजाचा कोंबडा? तोही पिठाचाच होता ना?"

ज्यांना गोष्ट ठाऊक नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. यशोधर राजाला बळी द्यायचा नव्हता. आईच्या, म्हणजे चंद्रमतीच्या, आग्रहाखातर त्यानं पिठाचा कोंबडा करून त्याचा बळी दिला. रक्ताचा थेंब सांडला नाही, तरी माय-लेकांना पशुपक्ष्यांचे कितीतरी जन्म घ्यावे लागले. सुरी पिठावर चालली होती, पण मनानं कोंबडा कापला गेला होता. माझं म्हणणं असं, की हीच गोष्ट त्या पोरीच्या बाजूनं साक्ष देते. पाप भावाचं असेल, तर जिच्या मनात मारण्याचा लवलेश नाही, एक ठिपका तेवढा आहे, तिला ते कसं लागेल?

माईंनी क्षणभर विचार केला. मग काठी उचलता उचलता म्हणाल्या, "बरं, पोरीचं राहू दे. पण तिला शिकवणारीचं काय? करवणारीलाही लागतंच हो."

माई पापाबद्दल बोलत होत्या. माझ्या डोक्यात मात्र तो शब्द वेगळ्याच कारणानं अडकून बसला. करवणारी.

आपण रोज जपाची माळ ओढतो. तिचे मणी एकशे आठच का, हे लहानपणी पाठशाळेत शिकवलेलं असतं आणि पुढं कुणी विचारत नाही. संरंभ, समारंभ, आरंभ हे तीन. म्हणजे मनात ठरवणं, साधनं जमवणं, प्रत्यक्ष सुरुवात करणं. ते मनानं, वचनानं, कायेनं. परत ते कृत, कारित, अनुमोदित. आपण केलेलं, दुसऱ्याकडून करवलेलं, दुसऱ्यानं केलेल्याला मान डोलावलेलं. आणि क्रोध, मान, माया, लोभ हे चार कषाय. तीन त्रिक नऊ, नऊ त्रिक सत्तावीस, सत्तावीस चोक एकशे आठ. पाप आत यायच्या एवढ्या वाटा. आपला हात लागला नाही म्हणून आपण सुटलो, असं आपल्याकडं नाही. आता कारित जर इतकं खरं असेल, तर ते चांगल्या कामातही खरं असलं पाहिजे. मग करवणाऱ्याचा वाटा किती? आणि तो वाटा मागायचा हक्क त्याला आहे का?

या प्रश्नाला मला एक चेहरा आयताच मिळाला होता. जाऊबाईंची नात फोनवर सारखी ज्यांचं नाव घेत होती त्या सुमा शिरूर. उत्सुकतेनं त्यांच्याविषयी वाचायला लागले ते वाचतच गेले.

सुमाताईंचा जन्म १९७४ चा, कर्नाटकातल्या चिक्कबळ्ळापूरचा. नेमबाज म्हणून त्या घडल्या मुंबईत, आणि संसार पनवेलला. २००२ मध्ये मँचेस्टरच्या राष्ट्रकुल स्पर्धेत अंजली भागवत यांच्याबरोबर त्यांनी जोडीचं सुवर्ण मिळवलं. २००३ मध्ये अर्जुन पुरस्कार. आणि २००४ मध्ये क्वालालंपूरच्या आशियाई स्पर्धेत त्यांनी जे केलं ते मला तीनदा वाचावं लागलं.

दहा मीटर एअर रायफल म्हणजे काय ते आधी समजून घेऊ. आमच्या घराच्या पुढच्या दारातून मागच्या परसापर्यंत साधारण दहा मीटर भरतात. तिथं एक ठिपका, अर्धा मिलिमीटरचा. खसखशीचा दाणासुद्धा त्याहून मोठा असतो. हातात पाच-साडेपाच किलोपर्यंतची रायफल, उभं राहून, कशाचा टेकू न घेता. श्वास धरला की हात हलतो, सोडला की हलतो. त्या दोन्हींच्या मधल्या क्षणात बोट दाबायचं. पहिला बार चांगला गेला तर त्याचा आनंद होऊन दुसरा बिघडतो. असे तेव्हा बायकांसाठी चाळीस बार असत. प्रत्येकाला जास्तीत जास्त दहा गुण, म्हणजे एकूण ४००.

सुमाताईंना ४०० पैकी ४०० मिळाले. जागतिक विक्रमाची बरोबरी. चाळीसच्या चाळीस वेळा ठिपका. पोळ्या लाटणाऱ्या बाईला विचारा, चाळीस पोळ्यांतली एकही वाकडी होऊ नये हे कसं असतं. आणि वाकडी झालेली पोळी निदान आपल्या ताटात वाढून घेता येते.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अथेन्सचं ऑलिंपिक होतं. सुमाताई अंतिम फेरीत पोचल्या. हेही थोडं नव्हतं. पण अंतिम फेरी आठ जणींची, आणि त्यांचा क्रमांक आठवा. चीनची डू ली जिंकली. त्या ऑलिंपिकचं ते पहिलंच सुवर्ण. काही महिन्यांपूर्वी ज्या हाताकडून एकही चूक झाली नव्हती, तोच हात, तीच बाई.

आणि त्या ४०० चं पुढं काय झालं? खेळाचे नियम बदलले. २०१३ पासून दशांश गुण मोजायला लागले, म्हणजे दहाच्या आतही १०.१ आणि १०.९ चा फरक आला. २०१८ पासून बायकांनाही पुरुषांसारखे साठ बार झाले. म्हणजे चाळीस बारांची ती स्पर्धाच आता उरली नाही. तो विक्रम कुणी मोडला नाही, आणि आता कुणाला मोडता येणारही नाही. ज्या घराला तो दरवाजा होता ते घरच पाडलं. आपण अनित्य भावना म्हणतो तेव्हा देह, रूप, धन एवढंच डोळ्यांपुढं आणतो. पूर्णत्वसुद्धा अनित्य असतं, हे माझ्या कधी मनात आलं नव्हतं.

२००६ मध्ये सुमाताईंनी पनवेलला 'लक्ष्य शूटिंग क्लब' सुरू केला. स्वतः खेळणंही चालू होतं, पण हळूहळू त्या रेषेच्या पुढून मागं आल्या. नेमबाजीत ही जागा फार विशेष असते, ती जरा डोळ्यांपुढं आणा. टीव्हीवर बर्फावरचं स्केटिंग दाखवतात. त्यात खेळाडू नाचून आली की ती आणि तिची प्रशिक्षक एका कोचावर शेजारी बसतात, गुणांची वाट बघत. कॅमेरा दोघींवर असतो, दोघी एकदमच रडतात किंवा हसतात. नाचतानाही मुलीला कठड्याशी उभी असलेली बाई दिसत असते. नेमबाजीत तसं नाही. खेळाडूचं तोंड लक्ष्याकडं, आणि प्रशिक्षक पाठीमागं. एकदा रायफल खांद्याला लागली की बाईंचा चेहरा पोरीला दिसत नाही.

अवनी लेखरा जयपूरची. २०१२ मध्ये मोटारीचा अपघात झाला, मणक्याला इजा झाली, कमरेखालचा भाग गेला. वय दहा वर्षांचं. पुढं अभिनव बिंद्रांचं आत्मचरित्र वाचून तिनं रायफल हातात घेतली आणि काही वर्षांनी ती सुमाताईंची शिष्या झाली. ३० ऑगस्ट २०२१ ला टोकियोच्या पॅरालिंपिकमध्ये तिनं २४९.६ गुण मिळवून सुवर्ण जिंकलं. पॅरालिंपिकमध्ये सुवर्ण मिळवणारी पहिली भारतीय स्त्री. चारच दिवसांनी पन्नास मीटरमध्ये कांस्य. तीन वर्षांनी पॅरिसमध्ये, त्याच ३० ऑगस्टला, पुन्हा सुवर्ण. या वेळी २४९.७. सुमाताईंना द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला, २०२२ चा.

(एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. आपल्या सरकारनं प्रशिक्षकांच्या पुरस्काराला द्रोणाचार्यांचं नाव दिलंय आणि आदिवासी मुलांच्या निवासी शाळांना एकलव्याचं. आमच्या जिल्ह्यात गोंड-कोलामांची वस्ती मोठी, म्हणून मला हे जास्त टोचतं. दक्षिणा म्हणून ज्यानं अंगठा मागितला त्याच्या नावानं उत्तम गुरूचा सन्मान होतो, आणि कुणाला काही वाटत नाही.)

तर प्रश्न असा. २००४ मध्ये अथेन्सला जे राहिलं, ते २०२१ मध्ये टोकियोत मिळालं, असं म्हणायचं का? वर्तमानपत्रवाल्यांना असं लिहायला आवडतं. गुरूचं अधुरं स्वप्न शिष्यानं पुरं केलं. मला ते वाक्य ऐकलं की पोटात गोळा येतो. का, ते सांगते.

मी शाळेत असताना वक्तृत्वात पहिली यायची. तालुक्याला आले, जिल्ह्याला आले, आणि मोठ्या स्पर्धेत व्यासपीठावर मधोमध विसरले. किती वेळ गप्प उभी होते कोण जाणे, पण मला आजही तो पंखा आठवतो, कर्रकर्र आवाज करणारा. पुढं बी.ए. झालं, लग्न झालं, या पेनगंगेच्या काठच्या मुलखात आले. इथं पाट्या तेलुगूत, बाजारातला भाव हिंदीत आणि घरातली भांडणं मराठीत. वक्तृत्व कुठल्या भाषेत करणार? तो विषय संपला असं मी धरून चालले.

माझी मुलगी अकरा वर्षांची असताना समाजाची भक्तामर पाठांतर स्पर्धा लागली. अठ्ठेचाळीस श्लोक, संस्कृत. मी तिला तयार केलं. कशी तयार केलं ते आता आठवलं की लाज वाटते. पहाटे उठवून, वेणी घालता घालता, जेवताना, झोपताना. एका श्लोकात ती अडखळली की मी वेणी जरा ओढायची. मला तेव्हा वाटायचं, मी तिच्यासाठी करतेय. धर्माचं आहे, संस्काराचं आहे. इतक्या चांगल्या पदरात मान कषाय गुंडाळून ठेवला होता की माझा मलाच दिसला नाही.

स्पर्धेच्या दिवशी मी पहिल्या रांगेत बसले. ती सुरेख म्हणत होती. तिशी ओलांडली आणि एका जागी ती किंचित थांबली. श्वास घ्यायलाही थांबली असेल. मी ओठ हलवायला लागले. आवाज नाही, नुसते ओठ. तिची नजर माझ्यावर आली आणि तिथंच गाडी अडली. परीक्षकांनीही मला पाहिलं होतं. त्यांनी काही म्हटलं नाही, पण बाजूची वही मिटली.

येताना रिक्षात ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आई, मला येत होतं. तुझे ओठ बघितले म्हणून विसरले."

त्यानंतर तिनं कुठल्याही स्पर्धेत भाग घेतला नाही. मी आग्रह केला नाही, असं म्हणायला मला आवडेल. पण मी केला, दोन वर्षं केला.

म्हणून सुमाताईंच्या बाबतीत मला पदकांपेक्षा पाठीमागं उभं राहण्याचंच नवल जास्त वाटतं. ज्या बाईला चाळीसच्या चाळीस ठिपके जमतात, तिनं दुसरीचा हात किंचित हललेला पाहायचा आणि गप्प राहायचं. कितीदा बोट आपोआप वळवळलं असेल! ते बोट आपलं नाही, हे बोटाला कोण सांगणार?

आणि करवणारीचा वाटा नुसता जिंकण्यातच नसतो. टोकियोत अवनीच्या सुवर्णाच्या महिनाभर आधी तिथंच ऑलिंपिक झालं होतं. भारताचे पंधरा नेमबाज गेले होते, एकही पदक आलं नाही. तेव्हा सगळा राग निघाला तो प्रशिक्षकांवर. त्यांना कुणी विचारलं नाही की बार कुणी उडवला. हरल्यावर कारित पूर्ण मान्य असतं लोकांना.

इथं दीपाली देशपांडे यांची आठवण काढायला हवी. अंजलीताई, सुमाताई आणि दीपालीताई, तिघीही मुंबईच्या मैदानातल्या, तिघीही २००४ मध्ये अथेन्सला गेलेल्या आणि तिघींनाही तिथं पदक नाही. तिघीही पुढं दुसऱ्यांना शिकवायला लागल्या. १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमध्ये राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पन्नास मीटर रायफलमध्ये कांस्य मिळवलं. १९५२ च्या हेलसिंकीतल्या खाशाबा जाधवांनंतर बहात्तर वर्षांनी महाराष्ट्राच्या खेळाडूला ऑलिंपिकचं वैयक्तिक पदक. त्याच्या गुरू दीपालीताई. त्यांनाही नंतर द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. स्वप्नील त्यांना दुसरी आई मानतो, असं वाचलं.

सगळ्यांना ते वाचून भरून आलं. मला थोडं खटकलंच. पोराचा भाव मोठा आहे, त्याला नाव ठेवायचं नाही. पण आपण बाई चांगली शिकवणारी निघाली की लगेच तिला आई करतो. जणू आईपण म्हणजे शिकवण्याची वरची पायरी. माझ्या अनुभवानं ते उलट आहे. दीपालीताईंनी पोराला आईसारखं वागवलं म्हणून तो जिंकला, की आई जे करू शकत नाही ते त्यांना करता आलं म्हणून? आई ओठ हलवते.

पुण्याच्या बाजूनं आपल्या पुराणात एक गोष्ट आहे, मला फार आवडते. वज्रजंघ राजा आणि श्रीमती राणी वनात मुनींना आहारदान देत होते. तिथं एक सिंह, एक रानडुक्कर, एक वानर आणि एक मुंगूस, चौघं दुरून पाहत होते. त्यांच्याजवळ द्यायला काही नव्हतं, आणि मुनींना आहार द्यायचा अधिकारही त्यांना नव्हता. त्यांना नुसतं बरं वाटलं. तेवढ्या अनुमोदनानं त्या चौघांचं कल्याण झालं, पुढं कितीतरी भवांनी ते ऋषभदेवांच्या घरी पुत्र होऊन आले. मी पाठशाळेत ही गोष्ट मुलांना वर्षानुवर्षं सांगत आले. पण त्यांच्यातल्या एकानंही 'हे दान मीच देणार होतो, तेवढं राहून गेलं' असं मनात आणलं नसेल, हे माझ्या अलीकडं लक्षात आलं. त्या मुंगसाचं काही राहून गेलेलं नव्हतं. माझं राहून गेलं होतं.

हे सगळं मी माईंना सांगितलं. भक्तामरचंही सांगितलं, पहिल्यांदाच. आणि विचारलं, जिचं स्वतःचं काही राहून गेलंय, तिनं शिकवूच नये का? माई हसल्या. "अगं, जिचं काही राहिलंच नाही ती पहाटे उठून दुसऱ्याच्या पोरीमागं कशाला उभी राहील? राग-लोभ सुटले असते तर आपण इथं ओट्यावर बसलो असतो का?"

त्याला माझ्याकडं उत्तर नव्हतं, अजूनही नाही. सुमाताईंच्या मनात अथेन्स असेलच. आठवा क्रमांक कोण विसरतं? ते मनात असूनही त्या मागं उभ्या राहिल्या, की मनात होतं म्हणूनच इतकी वर्षं उभ्या राहू शकल्या, हे बाहेरून कळायला मार्ग नाही. मान कषाय आहे एवढ्यावरून माणसाला मोडीत काढायचं ठरवलं तर पाठशाळा उद्याच बंद करावी लागेल. मला एवढं मात्र दिसतं, की तो पुढच्या माणसाच्या बोटापर्यंत पोचू दिला की नाही, तिथं फरक पडतो. आणि ते एकदा ठरवून होत नाही, दर बाराला नव्यानं करावं लागतं.

जाऊबाईंची नात अजून रायफल शिकते. माईंनी तिला क्षमा केली, बंदुकीला नाही.

गेल्या दिवाळीत मी मुलीकडं पुण्याला गेले होते. तिची लेक सहा वर्षांची, संध्याकाळी चाकांच्या स्केटिंगच्या वर्गाला जाते. आम्ही दोघी कठड्याशी उभ्या होतो. पोर गरगर फिरत होती, एका वळणावर तोल गेला आणि बदकन् पडली. गुडघ्याला पॅड होते, लागलं नव्हतं. पडल्या पडल्या तिनं मान वळवून आमच्याकडं पाहिलं. माझा हात वर उठलाच होता. पण माझी मुलगी पटकन खाली वाकली, बुटाची नाडी बांधायला. पोरीनं क्षणभर वाट पाहिली, मग हात टेकून स्वतःच उठली आणि पुढं गेली.

मुलगी बराच वेळ तशीच वाकून होती. तिच्या पायात चपला होत्या.